कुंडीतला वाफसा

आमच्या गावाकडे मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शेतात चक्कर मारायचे. हातात काही अवजार नसायचं. बांधावरून चार पावलं आत जायचे, वाकायचे, टाचेने जरा उकरून मूठभर काळी माती उचलायचे आणि मूठ आवळायचे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच चिकट, चकचकीत राहिला तर तो खाली टाकून घरी परत. अंगठ्याने दाबल्यावर गोळा फुटून भुरभुरला की घरी येऊन एवढंच म्हणायचे, "वापसा आला." मग घरात एकच धांदल उडायची. बियाणं, तिफण, शिदोरी, गडी.

बार्शीकडची भारी काळी जमीन. ओली असताना पाय घातला तर चपलेला किलोभर माती चिकटते, आणि औत घातलंच तर अशी ढेकळं निघतात की पुढे महिनाभर फुटत नाहीत. वाळली की भेगाळते. या दोन्हींच्या मधले जे थोडे दिवस असतात, जेव्हा मातीत ओल असते पण चिखल नसतो, तो वाफसा. पुस्तकात वाफसा, अण्णांच्या तोंडी वापसा. शेतकऱ्याची मुलगी असून हा शब्द मी चाळीस वर्षं नुसता ऐकला. तो कळला पुण्यात, पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एका कढीपत्त्याच्या रोपापायी.

रोप आणलं तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांची रांग होती, त्यातलं सगळ्यात दाट दिसलं ते उचललं. वीतभर उंची, पानं कोवळी, चोळली की बोटांना फोडणीचा वास. घरी आल्यावर आनंदात थेट १४ इंची कुंडीत लावलं. रोप वाढणारच आहे, तर आत्ताच ऐसपैस जागा द्यावी, असा विचार. पिशवी कापल्यावर लाल चिकणमातीचा घट्ट गोळा हातात आला. तो तसाच कुंडीच्या मधोमध ठेवला आणि भोवती काळीभोर, खत मिसळलेली माती भरली. तळाला भावाने आणून दिलेल्या खडीचा चांगला तीन बोटं थर दिला होता. पाणी नीट निचरून जावं म्हणून.

या एका परिच्छेदात मी चार चुका केल्या होत्या. त्या कळायला वर्ष गेलं.

पहिले पंधरा दिवस रोप छान होतं. मी रोज सकाळी देवाचं झालं की तांब्याभर पाणी कुंडीत घालत होते. आई तुळशीला घालायची तसंच. आईची तुळस कधी सुकली नाही की सडली नाही, त्यामुळे रोज पाणी घालणं ही चूक असू शकते असं मनातही आलं नाही. आईचं वृंदावन अंगणात होतं, खालून उघडं, त्याची माती सरळ जमिनीला मिळालेली. तांब्याही पूजेचा, पेलाभर पाण्याचा. जास्तीचं पाणी खाली खोल झिरपून जायचं. माझी तुळशीची आठवण बरोबर होती, पण वृंदावनाला तळ नव्हता हे मात्र मी विसरले होते.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या माहेरी पाणी मोजून वापरलं जायचं. १९७२च्या दुष्काळात अण्णा पंधरा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, तिथे मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढायचे. माझ्या लहानपणी टँकर आला की आम्ही भावंडं घागरी घेऊन पळायचो. आंघोळीचं पाणी मोरीतून पन्हळीने परसात जायचं, तिथे केळ, अळू आणि एक जुनं कढीपत्त्याचं झाड होतं. पाण्याचा थेंब वाया घालवला तर आजी बोलायची. अशा घरात वाढलेल्या मला पाणी देणं म्हणजे माया करणं वाटायचं. कुणाला पाणी जास्त झाल्याने त्रास होईल, ही कल्पनाच मनाच्या बाहेरची होती. सकाळी नळ सोडला की पाणी येतं, ते आपण एका जिवाला देतो, याचं मला फार समाधान होतं.

जुलैच्या शेवटी खालची पानं पिवळी पडायला लागली. मग वरची मलूल झाली. पानं मान टाकतात म्हणजे तहान लागली, असं समजून मी संध्याकाळीही पाणी घालायला लागले.

पाणी जास्त झालेलं रोप आणि पाणी कमी पडलेलं रोप दिसायला सारखंच दिसतं, हे नवशिक्याला कुणीतरी अगदी पहिल्या दिवशी सांगायला हवं. मुळं कुजली की ती पाणी ओढूच शकत नाहीत. मग कुंडी चिंब असूनही पानांपर्यंत पाणी पोचत नाही आणि रोप तहानेने मान टाकतं. पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं ते. आपण बघतो पान, आणि ठरवतो पाणी. मधल्या मातीत हात घालून कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही.

पाण्याने फरक पडेना, म्हणून मला वाटलं उपाशी असेल. दुकानातून पाण्यात विरघळणारं खत आणलं, आमच्याकडे सगळे ज्याला 'एकोणीस-एकोणीस-एकोणीस' म्हणतात ते. नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के. लिटरला किती ग्रॅम घालायचं ते पुडीवर लिहिलं होतं, पण रोप आजारी आहे तर जरा सढळ हाताने द्यावं, म्हणून दोन चमचे एका तांब्यात विरघळवून ओतलं. चार दिवसांत पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत झाली, जशी विस्तवाशी धरली असावीत.

काय झालं ते आता स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येतं. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ घातलं की पाच मिनिटांत तिला पाणी सुटतं. बाहेर खारटपणा जास्त झाला की आतलं पाणी बाहेर येतं. खत हेही क्षारच असतं. मातीतल्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर झालं की मुळांना पाणी आत घेणं अवघड होतं, आणि फारच झालं तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. भुकेल्याला जेवू घालतेय या भावनेने मी त्याच्या मुळांना मीठ चोळलं होतं.

सप्टेंबरमध्ये अण्णा मोतीबिंदू दाखवायला पुण्याला आले. चहा घेऊन बाल्कनीत गेले आणि कपातला चहा निवेपर्यंत त्या कुंडीकडे बघत उभे राहिले. मी सगळं सांगितलं. पाणी, खत, पुन्हा पाणी. ते रागावले नाहीत.

"तापात पडलेल्या मानसाला पुरनपोळी चारतीस व्हय?" एवढंच म्हणाले. मग बोट मातीत घातलं, दोन पेरं आत गेलं, बाहेर काढून नाकाशी नेलं. "वास घे."

गटारीजवळ येतो तसा वास होता.

आम्ही फरशीवर वर्तमानपत्र पसरून रोप बाहेर काढलं. लाल मातीचा तो गोळा तीन महिन्यांनंतरही जसाच्या तसा होता. भोवतीच्या मऊ मातीत एकही मूळ गेलं नव्हतं. गोळा पाण्याखाली धरून सावकाश सोडवल्यावर कळलं, की ते एक रोप नव्हतंच, पाच रोपं होती. पिशवीत चार-पाच बिया टाकल्या की रोप भरगच्च दिसतं. तीन गेलेली होती. त्यांची मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल सरकन निघून यायची आणि आत केसाएवढा दोरा उरायचा. उरलेल्या दोघांची काही मुळं अजून पांढरी, टणक होती. अण्णांनी कुजलेला भाग कात्रीने छाटला, आणि मग मला त्या मोठ्या कुंडीत हात घालायला लावला. तळातली माती तीन दिवस पाणी न देताही लगदा होती. वर मात्र कोरडी पापडी.

"वरनं बगून काय कळतंय? ह्यात वापसा आलाच न्हाई कदी. तू येऊच दिला न्हाईस."

त्या दिवशी तो शब्द माझ्यासाठी शेतातून उठून घरात आला.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. चांगल्या मातीचं आकारमान बघितलं तर साधारण निम्मा भाग घन असतो. त्यात खनिज कण ४५ टक्क्यांच्या आसपास आणि सेंद्रिय पदार्थ ५ टक्के. उरलेला निम्मा भाग म्हणजे कणांमधल्या फटी, आणि त्या फटींत अर्धं पाणी, अर्धी हवा असली तर ती माती उत्तम. मुळंही श्वास घेतात, त्यांना प्राणवायू मातीतल्या हवेतूनच मिळतो. सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते, आणि पाण्यातून प्राणवायू पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश. म्हणजे मूळ गुदमरतं. मग सडवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. अण्णांच्या मुठीत फुटणारा गोळा हेच सांगत असतो: फटींत पाणीही आहे आणि हवाही आहे, आता बी टाका. पिढ्यान्‌पिढ्यांनी हे प्रमाण हाताच्या तळव्यात साठवून ठेवलं आणि त्याला एक तीन अक्षरी शब्द दिला. मला या शब्दाचा फार अभिमान वाटतो. इतकं नेमकं, इतकं उपयोगी ज्ञान एवढ्याशा शब्दात मावणं ही भाषेची केवढी श्रीमंती आहे.

कुंडीत वाफसा आणणं शेतापेक्षा अवघड आहे, कारण कुंडीला तळ आहे. पाणी भोकातून बाहेर पडतं, पण सगळं पडत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. आडवा असताना खालच्या कडेला जे पाणी अडून बसलं होतं, तसंच कुंडीच्या तळाशी मातीत अडून बसतं. तळाला खडी घातली म्हणून ते खडीत उतरत नाही. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते, आणि तो चिंब थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. माझ्या तीन बोटं खडीने एवढंच केलं होतं. भोकावर माती वाहून जाऊ नये इतपत एक खापरी पुरते.

मोठ्या कुंडीचंही तेच. चमचाभर मुळं पितात ती किती पिणार? उरलेली सगळी माती आठवडाभर ओली राहते. रोपाला कपडे शिवल्यासारखी कुंडी हवी, अंगाबरोबर थोडी सैल, वर्षा-दीड वर्षाने एक माप मोठी.

दोन रोपांपैकी एक अण्णांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने गावाला नेलं आणि परसात मोरीच्या पाण्याजवळ लावलं. दुसरं माझ्याकडे राहिलं, ८ इंची मातीच्या कुंडीत. मातीची कुंडी अंगानेही पाणी सोडते, ते या वेळी मुद्दाम हवं होतं. माती, गांडूळखत आणि विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, असं मिश्रण अण्णांनी स्वतः कालवलं. थोडा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा, मी हट्टाने घातला. पुढे लक्षात आलं की कोकोपीट वरून वाळलेला दिसतो आणि आत ओला असतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबणाऱ्याला तो हमखास फसवतो. आता मी तो फार कमी घालते.

मग आली थंडी. या रोपाला पुण्याची थंडी आवडत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तेव्हा ते गप्प बसून राहतं. एक पान नाही, एक फुटवा नाही. मला राहवत नव्हतं. रोज सकाळी हात तांब्याकडे जायचा. हे थांबणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. पाणी देताना आपण काहीतरी करत असतो. न देता नुसतं बघत बसणं ही निष्काळजी वाटते, विशेषतः आईपणाची सवय असलेल्या बाईला.

त्यावर मी एक उपाय काढला, तो सांगते, कारण नवशिक्या माणसाला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाने मिळाला नसेल. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता. कुंडीला सुतळीचं शिंकं बांधलं आणि रोज सकाळी पाणी घालण्याऐवजी वजन करायला लागले. पोटभर पाणी देऊन, खालून निथळून झाल्यावर कुंडी भरायची ५ किलो ४०० ग्रॅम. दोन पेरं बोट घातल्यावर कोरडं लागायचं तेव्हा ४ किलो ८००च्या आसपास. मधला फरक ६०० ग्रॅम, म्हणजे ६०० मिली पाणी. तेवढंच त्याने आणि उन्हाने मिळून प्यायलेलं.

वहीत आकडे लिहीत गेले तसं ते रोप माझ्याशी बोलायला लागलं. जानेवारीत दिवसाला ५०-६० ग्रॅम, म्हणजे दहा दिवसांनी एकदा पाणी. मार्चमध्ये १२०. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी कठडा हाताला चटका द्यायचा तेव्हा, पावणेतीनशे. तेव्हा एक दिवसाआड पाणी. आणि ऑगस्टमध्ये, आठ आठ दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा, पुन्हा ७०. ज्या पावसाळ्यात मी दिवसातून दोनदा पाणी घालत होते, तेव्हा त्याला आठवड्यातून एकदा पुरलं असतं.

पुढे पुढे काटा लागेनासा झाला. दोन्ही हातांनी कुंडी उचलली की कळायचं. अण्णांची मूठ काय करत होती ते तेव्हा माझ्या हातांना समजलं.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र कंजुषी करायची नाही, हेही त्यातूनच शिकले. रोज घोटभर घातलं तर वरची दोन बोटं भिजतात आणि मुळं वरच घोटाळतात. एकदाच, हळूहळू, दोन-तीन खेपांत, खालच्या भोकातून पाणी यायला लागेपर्यंत. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्यायचं. उन्हाळ्यात दुपारी नाही, कारण गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी त्या वेळी कढत असतं. सकाळी लवकर.

मार्चमध्ये पहिला फुटवा आला. तांबूस, कोयरीच्या आकाराचा, चमकदार. मी अण्णांना फोटो पाठवला, त्यांनी उत्तरादाखल गावाकडच्या रोपाचा फोटो पाठवला. त्याला तीन फुटवे होते.

खताला हात लावायची परवानगी मी स्वतःला तेव्हाच दिली. जो वाढतोय त्यालाच खाऊ घालायचं, एवढा एकच नियम ठेवला. तेच एकोणीसचं खत, पण लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि आधी साधं पाणी देऊन माती ओली केल्यावरच. कोरड्या मातीत खत पडलं की मुळांना थेट झोंबतं. दोन महिन्यांनी वरची माती खुरप्याने हलवून दोन मुठी गांडूळखत. कढीपत्ता आपण पानांसाठी लावतो, म्हणून नत्र लागतं, तर कधी भुईमुगाची पेंड तीन दिवस भिजवून, वरच्या पाण्यात दहापट पाणी घालून. त्याला वास येतो, शेजाऱ्यांची खिडकी बघून द्यावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काहीही नाही.

स्वयंपाकघरातले उपायही सगळे करून बघितले. केळीच्या सालींचं पाणी, उकळलेली चहापूड, अंड्यांची टरफलं, तांदळाचं धुवण. माझं मत सांगते. धुवण पातळ असेल तर चालतं. चहापुडीत साखर राहिली तर मुंग्या येतात. सालींच्या पाण्यात पालाश उतरतो पण थोडा. साली सरळ कंपोस्टमध्ये टाकाव्यात. टरफलं विरघळायला वर्षं जातात, आणि आमच्यासारख्या जड पाण्याच्या कुंडीला आणखी चुना नकोच आहे. ताकाचं तेवढं मला सोडवत नाही. आजी लोणी काढून झालं की डेरा विसळलेलं पाणी त्या परसातल्या झाडाला घालायची. तसं पातळ, बिनमिठाचं आंबट ताक मी महिन्यातून एकदा देते. त्याने मोठा फरक पडतो असा माझा दावा नाही. ते देताना आजी आठवते.

जड पाण्याचा विषय निघालाच आहे. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, रोप कमरेएवढं व्हायला निघालं असताना, नवी पानं फिकट यायला लागली. आधी लिंबाच्या रंगाची, मग जवळजवळ पांढरी, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. मी पुन्हा घाबरले. पण या वेळी पाणीही वाढवलं नाही आणि खतही. फोटो काढून अण्णांना पाठवला.

"केवडा पडलाय," त्यांचा लगेच फोन. "उसाला पडतो तसा."

केवड्याच्या कणसासारखा फिका पिवळा रंग, म्हणून शेतकरी त्याला केवडा म्हणतात. ती लोहाची उणीव. ओळखायची खूणही त्यांनीच सांगितली: जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी, कारण रोप जुन्या पानांतलं नत्र काढून नव्याला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवी पानंच रंग सोडतात. आणि गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं. चुनखडी जास्त असली, माती अल्कधर्मी झाली की ते मुळांना घेता येईनासं होतं. आमच्या काळ्या रानात उसाला केवडा पडतो तो यामुळेच.

पण माझ्या कुंडीत चुना आला कुठून? कुंडीच्या अंगावर बाहेरून पांढरा थर साचला होता, त्याकडे मी वर्षभर मातीच्या कुंडीची शोभा म्हणून बघत होते. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. आणि मी तर त्याहून जड पाणी घालत होते. स्वयंपाकघरात आरओचं यंत्र आहे. एक भांडं प्यायचं पाणी मिळताना दोन-तीन भांडी पाणी नळीतून बाहेर टाकलं जातं. ते वाया जाताना बघवत नाही, म्हणून मी बादली लावून ते जमवायची आणि झाडांना घालायची. शुद्ध पाण्यातून वगळलेले सगळे क्षार त्या बादलीत असतात. टँकरमागे पळालेल्या मुलीने वाचवलेलं प्रत्येक बादलीभर पाणी कुंडीत चुना साठवत होतं. ते कळल्यावर मी बराच वेळ त्या बादलीजवळ बसून होते. पाणी वाचवणं बरोबरच होतं. आता ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरते.

पावसाळा होता, म्हणून कठड्याबाहेर पातेलं लावून पावसाचं पाणी धरलं. त्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुवून काढली, खालून बदाबदा पाणी जाऊ दिलं. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मूठभर ओल्या शेणखतात कालवून आठ दिवस मुरवलं आणि मातीत मिसळलं. ऊसवाले हेच करतात, फक्त किलोंमध्ये. तीन आठवड्यांनी आलेलं पान हिरवं होतं. पांढरी झालेली जुनी पानं मात्र पूर्ण हिरवी कधीच झाली नाहीत, ती तशीच राहिली आणि गळली. आता उन्हाळ्यात एसीच्या नळीचं पाणी धरते. ते पावसासारखंच मऊ असतं.

लिंबू, संत्रं, बेल आणि कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. नागपूरकडच्या संत्राबागांत बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या लागतो, साल फुटून डिंक वाहतो. या सगळ्या घराण्यालाच पाय ओले ठेवलेले खपत नाहीत. आणि या घराण्यावर फुलपाखरांचाही जीव. गेल्या ऑगस्टमध्ये पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी पानावर सापडली, चार दिवसांत ती हिरवीगार झाली आणि तिने दोन डहाळ्या फस्त केल्या. तिला पानासकट उचलून खालच्या बागेतल्या लिंबावर नेऊन सोडलं. ती तिथे टिकली का, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बघायला गेले तेव्हा दिसली नव्हती.

आता रोप १२ इंची कुंडीत आहे, माझ्या खांद्याला लागतं. गावाकडचं अण्णांच्या डोक्यावर गेलंय. त्याला कुणी वजन करत नाही, त्याचं त्याला मोरीचं पाणी आणि मोकळी जमीन आहे.

काल सकाळी अण्णांचा फोन आला. परवाच्या रात्री चांगला पाऊस झाला होता, आधीचा आणि हा मिळून ऐंशी मिलिमीटर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विद्यापीठं सांगतात, आणि अण्णा ते मानतात. शेजारच्या दोघांनी सोयाबीन टाकायला सुरुवात केली होती.

"मग तुम्ही कधी पेरताय?" मी विचारलं.

"सकाळी जाऊन आलो. चिकटतंय अजून हाताला." मग जरा थांबून, "तुझ्या कुंडीचं काय?"

मी फोन खांद्याला दाबून धरला आणि दोन्ही हातांनी कुंडी एका बाजूने उचलून बघितली. जड होती.

"अजून दोन दिवस लागतील, अण्णा."

"मग थांब की," ते म्हणाले. "मी बी थांबलोय."